माझ्याकडं चालतंय

ही गोष्ट सांगायची मी टाळत आलो. बायको होती तेव्हा तिलाही सांगितली नाही. मुलानं एकदा विचारलं, "बाबा, त्या पाण्याच्या भानगडीत नेमकं झालं काय होतं?" तेव्हा "कंपनीतलं काहीतरी" म्हणून मी टीव्हीचा आवाज वाढवला. आता गुडघे गेले, एका डोळ्यानं नीट दिसत नाही, ज्यांच्या नजरेला भ्यायचं ती माणसं पांगली, म्हणून म्हाताऱ्याला धीर आला, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. खरं आहे ते. पण आता मी लिहायला बसलोय, आणि कुणी मध्येच "जाऊ द्या ना आता" म्हणालं तरी मी थांबणार नाही. हे चार शब्द मी फार ऐकले. सगळ्यात जास्त माझ्याच तोंडून ऐकले.

तर आधी मुद्दा सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणाला वेगळं काही सांगायला जागा राहणार नाही. तिची तपासणी बरोबर होती. चूक माझी होती.

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका फॅब्रिकेशनच्या शेडवर आमचं ऑफिस होतं. खाली दिवसभर पत्रा कापायचे, वर आम्ही पाच-सहा माणसं पंपाचे बॉक्स बनवायचो. दुष्काळाची वर्षं होती. जायकवाडी मृतसाठ्यात गेलेलं. नळाला पाणी कुठल्या दिवशी येणार हे पेपरात छापून यायचं आणि त्या दिवशी यायचं नाही. आणि त्याच वर्षांत शहर चहूकडं सुटलं होतं. पडेगावच्या पुढं, दौलताबादच्या रस्त्याला, जिथं मी ज्वारीची रानं बघितली होती तिथं प्लॉट पडले, प्लॉटवर अपार्टमेंट उभी राहिली, नळाची लाइन तेवढी मागं राहिली. तिथली सगळी तहान टँकरवर. टँकर येणार, जमिनीखालच्या हौदात पाणी ओतणार, पंप ते गच्चीवरच्या टाकीत चढवणार.

टाकी भरली हे कळायची तिथं एक जुनी रीत होती. गच्चीवरून एक पाइप बाहेर काढलेला असायचा. त्यातून धार लागली की ज्याला दिसेल त्यानं ओरडायचं, "टाकी भरलीऽऽ, मोटर बंद करा!" बायका स्वयंपाकघरातून ओरडायच्या, पोरं खेळता खेळता ओरडायची, वॉचमन पळत सुटायचा. टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारा आमचा बॉक्स आला की हे ओरडणं बंद होणार होतं. आमचे मालक गिऱ्हाईकाला हेच सांगायचे, "आता मान वर करून बघायचंसुद्धा काम नाही."

मी तिथं सगळ्यात वयस्कर. आयुष्य कारखान्यातल्या मोटारी आणि पॅनेलमध्ये गेलेलं. पन्नाशीला टेकल्यावर कॉम्प्युटर शिकलो आणि त्याचा मला फार गर्व होता. मालक माझ्यापेक्षा लहान, तेही मला "सर" म्हणायचे. एखादी लायब्ररी सोर्सपासून कंपाइल करून चिपवर बसवायची, हे काम ऑफिसात फक्त मला येतं, असं मी सगळ्यांना वाटू दिलं होतं.

हे काम काय असतं ते सांगतो, कारण सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कुणीतरी लिहून सगळ्यांसाठी ठेवलेलं गणित. टँकरचं पाणी पडताना टाकीतली पातळी हेलकावते, सेन्सरचा आकडा नाचतो. तो शांत करायचं गणित आम्हाला हवं होतं आणि ते फुकट मिळत होतं. पण तयार मिळत होतं ते मोठ्या कॉम्प्युटरसाठी. आमच्या छोट्या चिपसाठी ते मुळापासून कंपाइल करून घ्यावं लागणार होतं. त्यासाठी आधी सेटिंग ठरवायच्या: चिप कुठली, दशांशाचा हिशेब कसा करायचा, जागा वाचवायची की वेळ. गिरणीत दळण टाकताना आपण सांगतो ना, जाड की बारीक, तसं. धान्य तेच असतं, दगडांमधलं अंतर बदललं की पीठ बदलतं. कंपायलर ही आमची गिरणी आणि सेटिंगची फाइल म्हणजे तिचा खटका. त्या खटक्याला हात लावायची परवानगी फक्त मला होती.

माझ्या हाताखाली एक मुलगी होती. कन्नड तालुक्यातली, घरी शेती, सगळ्या भावकीत पहिली इंजिनियर. पुंडलिकनगरला मावशीकडं राहून रोज बसनं यायची. बॉक्सचा मुख्य प्रोग्रॅम तिनं लिहायचा असं ठरलं. पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं,

"सर, सेन्सरची वायर तुटली तर?"

"कशी तुटेल? पाइपातून नेलीय."

"गच्चीवर मोकळीच हाय की. अन् तिकडं वानरं येतात. डोंगरात पाणी नाय राहिलं, ती आता टाक्यांवरच बसतात."

सगळं ऑफिस हसलं. मालक म्हणाले, "घ्या! आता वानरांसाठी प्रोग्रॅम लिहा. शेपटी कुठं धरायची तेबी लिहा त्यात."

तीही हसली, पण तिनं लिहिला. वायर तुटली की सेन्सरकडून काहीच येत नाही, गणितात शून्याला शून्यानं भागायची वेळ येते, आणि त्याला उत्तर नसतं. अशा वेळी यंत्र उत्तराच्या जागी एक खास खूण ठेवतं. तिचा अर्थ, 'हा आकडाच नाही'. तिनं तपासणी घातली: ही खूण दिसली तर पंप बंद कर आणि घंटा वाजव. साध्या दोन ओळी. वर, फाइलच्या माथ्यावर, तिचं नाव. ती आमच्या ऑफिसची शिस्त होती आणि मीच लावलेली होती. ज्यानं लिहिलं त्याचं नाव माथ्यावर, आणि चूक निघाली तर ज्याचं नाव त्याची चूक. सेटिंगच्या फाइलवर मात्र कुणाचंच नाव नसायचं. ती काही कुणी लिहिलेली नव्हे, असं मी म्हणायचो. ती नुसती सेटिंग.

पाडव्याला पहिला बॉक्स पडेगावला बसवायचा होता आणि आमची चिप धापा टाकत होती. लायब्ररीचं गणित तिला जड जात होतं. पडद्यावरचा आकडा अडखळत यायचा. मालक दारात उभे राहायचे, "सर, गिऱ्हाईकासमोर असं चालेल का?" मी सेटिंगमध्ये शिरलो. तिथं एक पर्याय होता, गणित जलद करण्याचा. तो लावला आणि आकडा पाण्यासारखा वाहायला लागला. मालकांनी खालून चहा मागवला. मी तो पर्याय लायब्ररीपुरता लावायचा, तर फाइलच्या सगळ्यात वर लावला, म्हणजे लायब्ररीला लागू, आणि तिच्या प्रोग्रॅमलाही लागू. एक ओळ खाली-वर करायचा आळस.

त्या पर्यायाबरोबर एक शब्द द्यावा लागतो, हे मला माहीत होतं. वाचलं होतं मी. शब्द असा: 'माझ्या प्रोग्रॅममध्ये, आकडा नाही असं कधीच होणार नाही.' असा शब्द मिळाला की कंपायलर म्हणतो, ठीक, मग त्याची तपासणी कशाला? आणि ती तपासणी गाळून टाकतो. चूक दाखवत नाही, विचारत नाही. लिहिलेल्या फाइलमध्ये दोन ओळी जशाच्या तशा दिसतात, चिपवर त्या पोहोचतच नाहीत. जिनं वानरांचासुद्धा विचार केला होता तिच्या वतीनं मी, तिला न विचारता, असा खोटा शब्द देऊन बसलो.

निघायच्या आधी ती म्हणाली होती, "सर, बॉक्सवर एकदा वायर काढून बघू का? माझ्या कॉम्प्युटरवर घंटा वाजते, पण बॉक्सवर नाय बघितलं."

मी म्हणालो, "तुझ्याकडं चालतंय ना? मग झालं."

हे वाक्य माझं आहे. लक्षात ठेवा.

बॉक्स बसला. सोसायटीचे चेअरमन, एक निवृत्त हेडमास्तर, इतके खूश झाले की कुणी हात लावू नये म्हणून त्यांनी बॉक्सला कुलूप घातलं आणि किल्ली जानव्याला बांधली. लोकांनी वर बघणं सोडलं. पाइपाकडं कोण बघणार, यंत्र आहे ना.

एका सोमवारी सकाळी फोन आला. मालक, मी आणि ती, तिघं गाडीत बसून गेलो. छावणीच्या पुढं गेल्यावर तिला पहिल्यांदा दिसलं. रस्त्याच्या कडेनं पाणी वाहत होतं. त्या उन्हाळ्यात रस्त्यावर पाणी बघणं कसं वाटायचं ते आता सांगून कळणार नाही. बायका हंडे, तपेली, पिंप, जे हाताला लागेल ते घेऊन वाकल्या होत्या, मातीचं पाणी ओंजळीनं भरत होत्या. म्हशी रस्त्यात उभ्या राहून पीत होत्या. टाकीवर तीन वानरं बसलेली, आणि एकाच्या हातात आमच्या सेन्सरची वायर.

झालं असं होतं. वानरानं वायर तोडली. उत्तराच्या जागी ती खूण आली. त्या खुणेचा स्वभाव असा की तिला काहीही विचारा, ती 'नाही' म्हणते. टाकी भरली का? नाही. आता भरली का? नाही. पंप चालतच राहिला. आदल्या संध्याकाळी आलेला टँकर, अख्ख्या सोसायटीचं पुढच्या टँकरपर्यंतचं पाणी, वर चढलं आणि गच्चीवरून खाली गेलं. बॉक्स उघडावा तर कुलूप, आणि किल्ली जानव्याला बांधून चेअरमन वेरूळला घृष्णेश्वराच्या अभिषेकाला गेलेले. शेवटी कुणीतरी मीटरखालचा फ्यूज ओढला, तेव्हा हौदाचा तळ दिसत होता.

"लई भारी मशीन बसवलं व्हय!" एक जण मालकांच्या अंगावर आला. "अंघोळ घातली रस्त्याला!"

पलीकडच्या घरातली एक म्हातारी खाला बादली कमरेवर घेऊन उभी होती. ती म्हणाली, "अरे बाबा, पहले चिल्लाते थे तो पानी बचता था. अब मशीन चुप, तुम भी चुप."

ऑफिसात आल्यावर चौकशी झाली. चौकशी म्हणजे मालकांनी प्रोग्रॅम उघडायला लावला. माथ्यावर तिचं नाव. तिनं दोन ओळींवर बोट ठेवलं.

"हे बघा ना, लिहिलंय मी. वायर काढली की थांबतं. माझ्याकडं चालतंय!"

आमच्या धंद्यात हे वाक्य म्हणजे विनोद आहे. ज्याची चूक सापडते तो हेच म्हणतो. सगळे हसले. कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "मग पडेगावला तुझाच कॉम्प्युटर नेऊन ठेवू, गच्चीवर."

मालक हसले नाहीत. म्हणाले, "गावाकडून आलेल्या माणसाला इतकं मोठं काम द्यायला नको होतं, चूक माझीच." मी समोर होतो. गावाकडून आलेली ती एकटीच वायरीबद्दल बोलली होती, हे तिथं सगळ्यांनी ऐकलं होतं, आठवण मात्र कुणी काढली नाही.

ती माझ्याकडं वळली. "सर, एकदा बॉक्सची सेटिंग बघू या का?"

मी म्हणालो, "सेटिंग मी बघितलेली आहे."

बघितलेली नव्हती. दुपारी सगळे जेवायला खाली गेल्यावर बघितली. तो पर्याय सगळ्यात वर होता. तो काढला, कंपाइल केलं, टेबलावरच्या बॉक्सची वायर ओढली. घंटा वाजली. परत घातला, वायर ओढली. बॉक्स गप्प. यात समजायला अवघड काही नव्हतं. खालून डबे उघडल्याचा आवाज येत होता, ती त्यांच्यात होती, मला फक्त जिना उतरायचा होता.

मी उतरलो नाही. कारणं विचारू नका. होती बरीच, आणि सगळी भिकार. मालकांचा विश्वास, वय, 'सर' हा शब्द. मी पर्याय लायब्ररीपुरता खाली सरकवला आणि संध्याकाळी मालकांना सांगितलं, "आता चालेल." त्यांनी मान हलवली. "तुम्ही होता म्हणून, सर."

आमच्या मालकांची एक पद्धत होती. ज्याची चूक त्यानं गिऱ्हाईकाच्या दारात जाऊन स्वतः माफी मागायची. एरवी मला ही पद्धत आवडायची. दुसऱ्या दिवशी तिला पडेगावला नेलं. हौदाच्या झाकणावर उभं केलं. समोर सोसायटी. मी तिच्या शेजारी, नवा बॉक्स हातात घेऊन. तिनं हात जोडले आणि म्हणाली, "माझ्या चुकीमुळं तुमचं पाणी गेलं. मला माफ करा." आवाज जराही हलला नाही. तिनं एकदाच माझ्याकडं बघितलं, आणि मी बॉक्सचे स्क्रू मोजल्यासारखं केलं.

महिनाभरात तिनं नोकरी सोडली. तिला काढलं नाही, तिनंच सोडली. पण तिच्या वाट्याला रोज एक नवा विनोद येत होता, आणि विनोद थांबवू शकणारा माणूस त्याच खोलीत बसून डबा खात होता.

आता तुम्ही म्हणाल, चूक कुणाकडून होत नाही. मला ही सूट नको. सेटिंगची चूक माणसाकडून होते, मान्य. पण त्या दुपारी घंटा वाजल्यानंतर जे मी केलं ते चूक नव्हे. तिथं कुठला कंपायलर नव्हता, ओळ मी स्वतः गाळली. आणि कुणी म्हणेल, एक टँकर पाणी तर गेलं, माणूस थोडाच गेला. त्यांनी तो उन्हाळा बघितलेला नाही, आणि ती मुलगीही बघितलेली नाही.

गेल्या वर्षी कंपनीचा वर्धापनदिन झाला. आता कंपनी मोठी, काचेची इमारत. जुन्या माणसांना बोलावलं होतं. जेवणाआधी एक पोरगेला इंजिनियर माइकवर किस्से सांगायला लागला, आणि त्यात तो पडेगावचा किस्सा आला. त्यानं ती बघितलीही नव्हती. हात नाचवून, बायकी आवाज काढून म्हणाला, "माझ्याकडं चालतंय!" दीडशे माणसं हसली.

मी उठलो. काठी शोधायला वेळ लागला, तोवर हसणं संपलं होतं. माइक नव्हता, पण कारखान्यातला आवाज अजून आहे. मी म्हणालो, "तिची तपासणी बरोबर होती. सेटिंग माझी होती. मला त्याच दिवशी कळलं होतं. मी सांगितलं नाही."

मालक आता म्हातारे झालेत, ते जवळ आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सर, जाऊ द्या ना आता. जेवण थंड होतंय."

"होऊ द्या," मी म्हणालो. "तुम्ही तिला गावाकडची म्हणाला होता. ते परत घ्या."

त्यांनी परत घेतलं नाही. पोळ्या आल्या, लोक पंगतीला बसले. मी न जेवता निघालो. एका रिक्षावाल्यानं मला विचारलं, "कुठं, चाचा?" तेव्हा कळलं की दीडशे माणसांसमोर बोललो, पण जिला सांगायचं तिला सोडून.

तिचा पत्ता लागायला वेळ लागला नाही. पडेगावलाच तिचं स्वतःचं युनिट आहे, पंपाचे बॉक्सच बनवते. एका दुपारी गेलो. रस्ता ओळखू येत नव्हता, सगळीकडं इमारती, पण तो हौद दिसला. त्याच्यावर आता स्कूटर लावतात.

ती टेबलावरून उठली, खुर्ची पुढं केली आणि मी काही बोलायच्या आत खाली वाकून पाया पडली. केसांत पांढरं दिसत होतं. तिथल्या मुलांना म्हणाली, "हे आमचे सर. कंपाइल करायला यांच्याकडं शिकले मी."

चहा आला. मी म्हणालो, छान आहे जागा. ती म्हणाली, गर्मी होते जरा. मग ती मला एका मुलाच्या स्क्रीनपाशी घेऊन गेली. सेटिंगची फाइल उघडी होती, आणि तिच्या माथ्यावर त्या मुलाचं नाव होतं.

"आमच्याकडं सेटिंगवर पण नाव लागतं, सर," ती म्हणाली. "नुसती सेटिंग असं काही नसतं."

तिनं हे माझ्याकडं न बघता म्हटलं. म्हणजे तिला माहीत होतं. कधीपासून, ते मी विचारलं नाही. कदाचित तिनं घरी बसून शोधून काढलं असेल, कदाचित त्या हौदाच्या झाकणावर माझ्याकडं बघितलं तेव्हाच तिला कळलं असेल. मी सांगायला तोंड उघडलं. ती मुलं माझ्याकडं आदरानं बघत होती, आणि मला पुन्हा तो आदर हवासा वाटला. इतकं सगळं होऊन, या वयात. लाज वाटते, पण जसं झालं तसंच लिहायचं ठरवलंय.

मी उठलो. ती फाटकापर्यंत आली.

"सर, काही काम होतं का?"

"नाही गं. सहज. इकडून चाललो होतो."

"बरं. जपून जा."

हे छापून आलं म्हणजे माफी मागून झाली, असं मी मानत नाही. यात तिचं नाव नाही, आणि माझंही नाही. ज्यानं लिहिलं त्याचं नाव माथ्यावर, हा माझाच नियम मी इथंही मोडला. माफी समोर उभं राहून, हात जोडून मागायची असते. तिनं मागितली होती, माझ्या वाट्याची. मी फाटकापाशी उभा राहून म्हणायला हवं होतं ते एवढंच होतं: बेटा, त्या दुपारी टेबलावर घंटा वाजली होती, मी ऐकली होती, मला माफ कर.